तिन्ही रीडिंग सारखी!

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात ब्युरेट-पिपेटवर लेख पाहून वाचकांपैकी काहीजण लगेच पान उलटतील, याची मला कल्पना आहे. आपल्यापैकी कित्येकांनी दहावीनंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकला तो कायमचा. माझ्यासारखे काही जे अकरावी-बारावीची दोन वर्षे विज्ञान शाखेत काढून इकडे आले, ते तर त्या विषयाचे नाव काढले तरी तोंड वाकडे करतात. तरीही थोडे थांबा, अशी विनंती आहे. मला लिहायचे आहे ते रसायनशास्त्राविषयी आहेच. पण ते आपल्या सर्वांच्या एका सवयीविषयीही आहे, आणि ती सवय प्रथम लागते ती, माझ्या मते, प्रयोगशाळेतल्या त्या लांबलचक टेबलापाशी.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आठवतो. माझ्या चिठ्ठीवर ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम पर्मँगनेट यांचे टायट्रेशन आले होते. ब्युरेटमध्ये जांभळे पर्मँगनेट भरायचे, पिपेटने दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये घ्यायचे, त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून हाताला चटका बसेल इतके तापवायचे आणि मग वरून थेंब थेंब सोडायचे. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की तोटी बंद. पहिले अंदाजाचे, म्हणजे ‘पायलट’ रीडिंग, मग तीन नेमकी रीडिंग. ती तिन्ही सारखी आली की त्या आकड्याला ‘सी. बी. आर.’, म्हणजे ब्युरेटचे स्थिर रीडिंग म्हणायचे. आम्ही एप्रन चढवून रांगेत उभे होतो, तेव्हा लॅबमधले मामा बाटल्या मांडत मांडत आमच्या बाजूने गेले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “यंदा नऊ-आठ येतंय रे पोरांनो. उगाच घोळ घालू नका.”

मामांच्या मनात आमच्याविषयी मायाच होती, याबद्दल शंका नाही. मी पायलट रीडिंग घेतले, एकदा नीट टायट्रेशन केले, ते ९.६ च्या आसपास आले. मी कागदावर ९.८, ९.८, ९.८ असे लिहिले आणि गणित मांडायला बसलो. शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. ती वर्गात फारशी बोलत नसे. तिने तीनदा टायट्रेशन केले आणि तीनदा जे दिसले ते लिहिले: ९.६, ९.९, ९.७. बाहेरून आलेले परीक्षक तिच्याजवळ आले, कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, “सी. बी. आर. कुठे आहे? तिन्ही सारखी पाहिजेत, ठाऊक नाही?” तिने घड्याळाकडे पाहिले. दहा मिनिटे उरली होती. तिने खोडून तिन्ही ठिकाणी ९.७ केले. परीक्षकांनी सही केली आणि ते पुढे गेले.

मी त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला, एवढेच. आता मात्र ते खोडलेले आकडे राहून राहून आठवतात. मी खोटे लिहिले ते स्वतःच्या आळसाने आणि भीतीने. तिला खोटे लिहायला लावले ते परीक्षेने. ती परीक्षेला आली तेव्हा तिच्यापाशी तीन खरी रीडिंग होती आणि घरी गेली तेव्हा एकही नव्हते. दोन वर्षे विज्ञान शिकवून शेवटच्या दहा मिनिटांत आपण तिला हे शिकवले!

हा प्रकार एका मुलीपुरता किंवा एका कॉलेजापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. परंतु कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयातून आलेल्या मित्राला विचारा, तो हसून असाच काहीसा किस्सा सांगेल. वीस मुलांची एक बॅच, प्रत्येकाची तीन रीडिंग, म्हणजे साठ आकडे. त्या साठांत एकही वेगळा नसावा, हे हातांना, डोळ्यांना आणि काचेला मंजूर होण्यासारखे नाही. ब्युरेटच्या तोटीतून पडणारा एक थेंबच साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. एखाद्याचा थेंब जास्त गेला, एखाद्याने डोळा पातळीत न ठेवता वाचले, एखाद्याचा फ्लास्क थंड झाला की दशांशाचा फरक पडणारच. वीस माणसांनी एकाच बाटलीतून मोजले तर आकडे जवळजवळ येतील, पण थोडे विखुरतीलच. ते अजिबात विखुरलेले नसतील तर मोजले कुणी आणि लिहिले कुणी, हा प्रश्न पडायला हवा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तीन सारखी रीडिंग मागणे ही मुळात चूक नाही. एकाच मापावर माणसाने विसंबू नये, हात स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावे आणि आकडे एकमेकांशी जुळू लागले की मगच त्यांच्यावर विश्वास ठेवावा, ही विज्ञानाची फार जुनी आणि शहाणी रीत आहे. पण ते जुळणे कमवायचे असते. चौथे, पाचवे टायट्रेशन करायला वेळ आणि रसायन न देता जुळलेले आकडे तेवढे मागितले, तर विद्यार्थी दुसरे काय करणार? शेत न नांगरता खळ्यावर धान्य मागावे, तसेच हे झाले.

आता मोलकडे वळू. कारण टायट्रेशनचा आकडा खोटा लिहिताना आपल्याला काही वाटत नाही, याचे एक कारण मला असे दिसते की तो आकडा म्हणजे नेमके काय, हे आपल्यातल्या बहुतेकांना कधी कळलेलेच नसते.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात मोल भेटतो. त्याच्याबरोबर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हा अजस्र आकडा येतो आणि विद्यार्थी तेथेच हबकतो. वास्तविक कल्पना अगदी घरगुती आहे. हार्डवेअरच्या दुकानात आपण हजार स्क्रू मागितले तर दुकानदार ते मोजत बसत नाही. शंभर स्क्रूंचे वजन त्याला ठाऊक असते. तो तराजूवर दहापट टाकतो आणि पुडी बांधतो. मोजायचे ते वजनाने, ही त्याची युक्ती. रसायनशास्त्राने नेमकी हीच युक्ती अणुरेणूंसाठी वापरली. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. डझनभर बोरे आणि डझनभर नारळ यांचे वजन निराळे, संख्या मात्र तीच. तसे १२ ग्रॅम कार्बन, १८ ग्रॅम पाणी, ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १२६ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे या चारही ढिगांत कणांची संख्या एकच.

ती संख्या किती मोठी, याची कल्पना यावी म्हणून पाण्याचा एकच थेंब घेऊ. ०.०५ मिलिलिटरचा हा थेंब पृथ्वीवरच्या आठ अब्ज माणसांत सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाण्याचे वीस हजार कोटींहून जास्त रेणू येतील. म्हणजे ब्युरेटवर ९.७ च्या जागी ९.८ लिहिताना आपण दोन थेंबांची थाप मारतो, असे आपल्याला वाटते. त्या दोन थेंबांत किती मोठी मंडळी असतात, पाहा!

या आकड्यामागचा इतिहासही कला शाखेच्या माणसाला आवडावा असा आहे. इटलीतल्या ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये असे मांडले की तापमान व दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. हे त्याच्या हयातीत फारसे कुणी मनावर घेतले नाही. तो गेल्यानंतर, १८६० मध्ये जर्मनीतील कार्लसरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा कॅनिझारोने ती कल्पना पुन्हा ठासून मांडली आणि अणुभारांचा गोंधळ निवळू लागला. ‘मोल’ हा शब्द १८९० च्या दशकात रूढ केला तो ऑस्टवाल्डने, आणि गंमत अशी की त्या वेळी हाच ऑस्टवाल्ड अणू खरोखर असतात हे मानायला तयार नव्हता. पुढे फ्रान्समधल्या पेरँने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रयोग करून ही संख्या ठरवली, १९०९ मध्ये तिला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले, आणि त्याच सुमारास ऑस्टवाल्डनेही पुराव्यापुढे मान तुकवली. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतले मूलभूत एकक झाले आणि २०१९ पासून त्याची संख्या कायमची निश्चित करण्यात आली. स्वतःचे मत बाजूला ठेवून पुराव्याचे ऐकणारा ऑस्टवाल्ड आम्हांला पुस्तकात भेटला असता, तर तो आकडा कदाचित एवढा परका वाटला नसता.

आमच्या वाट्याला आले ते सूत्र. एम-वन व्ही-वन, एम-टू व्ही-टू. त्यातला तो दोनचा आकडा वर घालायचा की खाली, हे मला बारावी संपेपर्यंत नीट सांगता आले नाही. वास्तविक सूत्राची गरजच नाही. अकरावीतला साधा प्रयोग घ्या. ऑक्झॅलिक ॲसिडचे ३.१५ ग्रॅम खडे तोलून २५० मिलिलिटर द्रावण केले. १२६ ग्रॅम म्हणजे एक मोल, तेव्हा ३.१५ ग्रॅम म्हणजे मोलचा चाळिसावा भाग. तो पाव लिटरमध्ये आहे, म्हणून लिटरला दशांश मोल. त्यातले दहा मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेतले, म्हणजे मोलचा हजारावा भाग घेतला. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक रेणू कॉस्टिक सोड्याच्या दोघांना पुरतो. तेव्हा ब्युरेटमधून ९.८ मिलिलिटर खाली आले, त्यात मोलचे दोन हजारांश भाग कॉस्टिक सोडा होता. म्हणजे लिटरमध्ये ०.२०४ मोल, गुणिले ४०, सव्वाआठ ग्रॅमला थोडे कमी. हे गणित चौथीतल्या त्रैराशिकाहून अवघड नाही. आपण काय मोजतो आहोत हे मनात असले म्हणजे दोन वर की खाली, हा प्रश्न उरत नाही.

यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे, ती मला फार उशिरा उमगली. कॉस्टिक सोडा सरळ तोलून द्रावण का करीत नाहीत? कारण तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो; तराजूवर त्याचे वजन करावे तर त्यात किती सोडा आणि किती पाणी, ते कळत नाही. त्याची साक्ष भरवशाची नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे मात्र कोरडे, शुद्ध आणि टिकाऊ मिळतात, त्यांच्या वजनावर विसंबता येते. म्हणून भरवशाच्या साक्षीदाराकडून बेभरवशाच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायची, याचे नाव टायट्रेशन. इतिहासाचे आमचे सर साधनांची चिकित्सा शिकवतात, तेव्हा मला हटकून त्या खड्यांची आठवण होते. हे बारावीत कुणी सांगितले असते तर!

‘टायट्रेशन’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. फ्रेंच भाषेत ‘तित्र’ म्हणजे सोन्याचांदीचा कस. ब्युरेट आणि पिपेट ही नावे गे-ल्युसॅकने १८२४ च्या सुमारास वापरात आणली, आणि याच गे-ल्युसॅकने पुढे पॅरिसच्या टांकसाळीसाठी चांदीचा कस द्रावणाने पाहण्याची पद्धत बसवली. जुन्या भट्टीच्या पद्धतीत चांदी असते त्याहून किंचित कमी दिसे. नव्या पद्धतीने ती चूक उघडी पडली. तेथे ब्युरेटवरच्या दशांशाला रोख किंमत होती. कुणी मामा येऊन “यंदा नऊ-आठ येतंय” असे सांगता तर टांकसाळ बुडाली असती.

मराठी माणसाला तर कस नवा नाही आणि दर्शकही नवे नाहीत. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, हे घरोघरी पाहिलेले असते. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग उमटतो, हे आजीला ठाऊक असते. फिनॉल्फ्थॅलीनचे रंगहीन पाणी आम्लारीत गुलाबी होते, त्याच जातीची ही गोष्ट. पण शाळेने हळद आणि फिनॉल्फ्थॅलीन यांची ओळख मनापासून कधी करून दिली नाही. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे अकरावीत आणखी एक नुकसान होते. काल जे रेणुवस्तुमान, आम्लारी, उदासिनीकरण होते, ते एका सुट्टीत इंग्रजी होऊन बसते. ते शब्द पाठ करता करता वर्ष जाते, विचार करायला जागा राहत नाही आणि मग सूत्राचा आधार घ्यावा लागतो. मराठीतून रसायनशास्त्र सांगता येत नाही, असे मुळीच नाही. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत शास्त्रीय विषयांवर पुस्तके लिहिली होती, त्यांत रसायनशास्त्रही होते. अडचण भाषेची नाही, सवयीची आहे.

“एक-दोन दशांशांचा फरक, त्याने असे काय आभाळ कोसळते?” असे कुणी विचारील. उत्तरादाखल रॅले यांची हकिगत सांगतो. हे इंग्रज शास्त्रज्ञ १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रोजनची घनता मोजत होते. एकाच काचगोळ्यात हवेतून मिळवलेला नायट्रोजन भरला की वजन सुमारे २.३१० ग्रॅम येई; रासायनिक पदार्थांपासून केलेला नायट्रोजन भरला की सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अवघा ११ मिलिग्रॅमचा, म्हणजे शेकडा अर्धा. आमच्या तक्त्यात तो फरक एका खोडरबराचा धनी. रॅले यांनी तो खोडला नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजले, १८९२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून ही अडचण जाहीर केली आणि इतरांना विचारले की याचे कारण काय असावे. रॅम्झे यांच्यासह शोध चालू राहिला आणि १८९४ मध्ये हवेत दडलेला एक नवाच वायू सापडला, आरगॉन. आपण क्षणोक्षणी जी हवा छातीत भरतो, तिचा जवळजवळ शंभरावा भाग आरगॉन आहे आणि तोवर तो कुणालाच ठाऊक नव्हता! १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले, रॅले यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅम्झे यांना रसायनशास्त्राचे. न जुळलेली रीडिंग जपून ठेवल्याचे हे फळ.

माझ्या ९.६ मध्ये आरगॉन दडलेला नव्हता, हे मला मान्य आहे. बहुधा माझा फ्लास्क पुरेसा तापलेला नसावा किंवा पिपेट भरताना खूण चुकली असावी. पण ते कारण शोधणे हाच तर प्रयोग होता! पर्मँगनेटच्या त्या टायट्रेशनमध्ये पहिला थेंब रंग सोडायला बराच वेळ घेतो आणि पुढचे भराभर विरतात, कारण त्या क्रियेत तयार होणारे मँगनीजच पुढची क्रिया वेगाने घडवते. जो खरोखर थेंब टाकतो त्याला हे दिसते, आणि पहिल्याच थेंबाला तो घाबरून थांबतो किंवा घाईने ओततो, त्यावर त्याचे रीडिंग अवलंबून असते. पर्मँगनेट गडद असल्यामुळे त्याची वरची कड वाचायची असते, इतर द्रावणांची खालची. ज्याला आकडा आधीच ठाऊक आहे, त्याला यातले काही पाहण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या शिक्षकांनी आम्हांला शिकवले त्यांच्यावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी अनेक, ब्युरेट मोजक्या, त्यांतल्या काहींच्या तोट्या गळक्या. बारावीला रसायनशास्त्राचे शंभरापैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते कमी पडले तर पालक दाराशी. शिवाय प्रवेशपरीक्षा, मग ती नीट असो, जेईई असो वा राज्याची सीईटी, पर्यायांवर खूण करून द्यायची असते. तेथे ब्युरेट कुणी हातात देत नाही. कित्येक मुलांचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुक्काम क्लासमध्ये. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सगळी प्रात्यक्षिके उरकायची आणि जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवायचे. अशा वेळी एखाद्या सरांनी “नऊ-आठ लिहा आणि पुढे व्हा” म्हटले, तर त्यांनाही फार पर्याय नसतो. मामांनी जे केले ते सगळ्यांच्या सोयीचे होते. आणि हीच खरी काळजीची गोष्ट आहे. सगळ्यांच्या सोयीचे असलेले खोटे मोडून काढायला कुणीच पुढे येत नाही.

तरीही मार्ग नाही असे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यापाड्यांतली मुले, हाताशी साधे साहित्य. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, आकडे मांडायचे, त्यांवर वर्गात चर्चा करायची. परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर न्यायला परवानगी आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, ही दुःखाची गोष्ट. पण तीस वर्षे तो चालला, यावरून परीक्षा बदलता येते एवढे तरी सिद्ध होते. परीक्षा बदलली की अभ्यास आपोआप बदलतो, हे विद्यार्थ्यांइतके कुणाला ठाऊक असणार?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाटलीतले द्रावण थोडे निराळे असावे. त्याला खर्च काही नाही. एका बाटलीत पाणी थोडे जास्त, दुसरीत कमी, आणि कोणत्या बाटलीत किती हे फक्त परीक्षकांच्या वहीत. मग कुणा मामांना कुजबुजावे लागणार नाही. दुसरी, गुण नोंदीला द्यावेत. शाईने लिहिलेली, न खोडलेली, असतील तितकी रीडिंग. ती जुळली नाहीत तर का जुळली नसावीत याच्या दोन ओळी. ९.६, ९.९, ९.७ आणि खाली “दुसऱ्या वेळी फ्लास्क थंड झाला होता असे वाटते” असे लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळावेत. तिसरी, गणित सूत्राने न करता वाक्यांत करू द्यावे, आणि ती वाक्ये मराठीत असली तरी चालावीत. जमल्यास एखादे टायट्रेशन रोजच्या वस्तूचे असावे: व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा दूध. दूध शिळे होत जाते तशी त्याची आम्लता वाढत जाते. डेअरीत ती याच ब्युरेटने आणि याच फिनॉल्फ्थॅलीनने तपासतात. शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या कॅनमधल्या दुधाचा कस स्वतः काढता आला, तर त्याला मोलचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सर्वस्वी आपला आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी या सगळ्यातून सुटलो, असे कुणाला वाटत असेल तर त्याने जरा आजूबाजूला पाहावे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याही अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आले. पन्नास कुटुंबांची पाहणी करा, प्रश्नावली भरून आणा. त्या पन्नास प्रश्नावल्यांपैकी किती कुटुंबांच्या दारात भरल्या जातात आणि किती कँटीनच्या टेबलावर, चहाच्या दोन कपांच्या मध्ये, तीन वेगवेगळ्या पेनांनी भरल्या जातात? मी स्वतः पेन बदलून भरलेल्या आहेत, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. पहिल्यांदा पेन बदलताना हात जराही कापला नाही, याचे मलाच नवल वाटले. मग आठवले, हात आधीच तयार झालेला होता. त्याला ९.८ तीनदा लिहिण्याचा सराव होता.

त्या खोट्या प्रश्नावलीतली कुटुंबे कमी मिळवत नाहीत, कर्जबाजारी होत नाहीत, त्यांच्या घरातली मुलगी मध्येच शाळा सोडत नाही. ती आपल्याला सोयीची कुटुंबे असतात आणि तिन्ही रीडिंगांसारखीच एकमेकांशी छान जुळतात. खऱ्या कुटुंबाच्या दारात गेलो असतो, तर कुणीतरी न जुळणारे उत्तर दिले असते. कदाचित त्या न जुळणाऱ्या उत्तरातच समाजशास्त्र असते, जसा रॅले यांच्या ११ मिलिग्रॅममध्ये आरगॉन होता.

नोंद ही साक्ष असते. जे दिसले ते लिहिणे, मग ते ब्युरेटवर असो, दप्तरखान्यातल्या कागदावर असो वा एखाद्या म्हातारीच्या तोंडून ऐकलेले असो, हे सर्व शाखांचे समान शिक्षण आहे. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, काहीजण परीक्षक म्हणून परगावी जातील. तेथे एखाद्या टेबलाशी एखादी अबोल मुलगी न जुळणारे तीन आकडे लिहून उभी असेल. तिला तेवढे खोडायला लावू नका.